परशराम अण्णांची एकत्र फाईल

आत्या रागावली की आमच्या ऑफिसातला फोन वाजतो. निपाणीकडच्या एका मुख्याध्यापकांचा असा पहिला फोन मीच घेतला होता. फार गंभीर आवाजात ते म्हणाले, "मॅडम, नववीचा निकाल काढत होतो, तर कॉम्प्युटर म्हणतोय आत्या रागावली, ओळ अकरा हजार बेचाळीस. माझी आत्या वारून सहा वर्षं झाली. हे काय आहे?" मी म्हटलं, सर, एखाद्या पोराच्या गणिताच्या रकान्यात शंभराच्या वर मार्क पडलेत का बघा. पडले होते, एकशे सत्तर. आत्या रागावली ते बरोबरच होतं.

ही आत्या परशराम अण्णांची. नात्यातली नव्हे, प्रोग्रॅममधली. परशराम अण्णा म्हणजे परशराम चौगुले, मुक्काम कडोली, आणि रोज सकाळी साडेनऊच्या ठोक्याला अनगोळात पिठाच्या गिरणीवरच्या आमच्या तीन खोल्यांत हजर. या तीन खोल्यांना आमचे मालक किरण सर 'कंपनी' म्हणतात. बेळगाव आणि निपाणी भागातल्या शाळांना आम्ही निकालाचं सॉफ्टवेअर करून देतो. खाली गिरणी सुरू झाली की वर कीबोर्ड हलतात आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या होतात. अण्णांच्या भुवया आता खऱ्याच पांढऱ्या झाल्यात, पण ते अजून गिरणीवरच ढकलतात.

ज्यांचा जावाशी कधी संबंध आला नाही त्यांना थोडक्यात सांगते. ही प्रोग्रॅम लिहायची एक भाषा. तिच्यात एकेक काम एकेका क्लासकडं दिलेलं असतं; कुणी बेरीज करतो, कुणी छापतो, कुणी चुका काढतो. शहाणी माणसं एकेका क्लासला वेगळी फाईल देतात, आणि या फाईलीतल्याला दुसऱ्या फोल्डरातला कुणी लागला, की वर एक ओळ लिहून तो कुठं राहतो ते सांगतात. त्याला इम्पोर्ट म्हणतात. एवढंच आहे ते, आणि सगळ्या जगात असंच चालतं. अण्णांचं मात्र सगळं एकाच फाईलीत. फाईलीचं नावही 'सगळं'. चौदा हजार ओळी. ती उघडायला लावून आम्ही खाली चहा प्यायला जायचो, आणि वर आलो तरी ती उघडतच असायची.

आत सगळं खटलं नांदत होतं. थोरला नावाचा क्लास बेळगावच्या शाळांचा निकाल लावायचा, धाकटा निपाणीकडच्या. जावई वर्षातून एकदाच, दाखले छापताना लागायचा, आणि त्याला बोलवायच्या आधी बाकीच्यांना चाळीस ओळींची तयारी करावी लागायची. भावजी काहीच करायचे नाहीत. मी एकदा भावजींना काढून बघितलं, तर छपाईच बंद पडली. अण्णा शांतपणे म्हणाले, "असू दे मंगलाक्का, घरात एक आसतंय तसं." आणि या सगळ्यांच्या मधोमध आई. काठावरची पोरं आईकडं जायची. दोन मार्कांनी अडलेल्या पोराला वर ढकलायचं का नाही, ते आई ठरवायची. तिच्या डोक्यावर अण्णांनी शेरा लिहून ठेवला होता, आईनं व्हय म्हटल्यावर आत्यानं मध्ये बोलू नये.

आता कुणी म्हणेल, या माणसाला जावा येत नसेल. तसं अजिबात नाही. सतरा वर्षांपूर्वी मी वडगावातून, घरातल्या यंत्रमागांच्या खडखडाटातून उठून इथं आले, तेव्हा मला क्लास, फाईल, फोल्डर, इम्पोर्ट सगळं अण्णांनीच शिकवलं. वहीत चौकोन काढून, बाण मारून, इतकं स्वच्छ शिकवलं की अजून विसरले नाही. स्वतः मात्र करायचे नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "एका घरात ऱ्हातोय न्हवं? मग आईला हाक मारायला पत्ता कशाला लिवायचा?" कप्पाळ माझं!

बरं, हे खूळ फाईलीपुरतं असतं तर चाललं असतं. त्यांच्या कमरेला एकच किल्ल्यांचा जुडगा. त्यात घराची, गोठ्याची, मोटारसायकलीची, ऑफिसची आणि विकून टाकलेल्या एका कपाटाची किल्ली. एकच डायरी. तिच्यात एका पानावर भजनाचे अभंग, त्याच पानावर प्रोग्रॅममधली चूक, खाली म्हैस कधी गाभण राहिली त्याची तारीख. आणि दुपारचं जेवण तर विचारूच नका. अण्णांच्या राज्यात डबे वेगवेगळे खायचे नाहीत. मधे एक परात ठेवायची आणि सगळ्यांनी आपापलं त्यात ओतायचं. "एका चुलीवर हाय तवर बरं हाय," असं म्हणत ते स्वतः कालवायचे. एका संकष्टीला माझी साबुदाण्याची खिचडी किरण सरांच्या सुकटाला जाऊन मिळाली. त्या दिवशी मी चतुर्थीचा उपास निव्वळ पाण्यावर केला आणि अण्णांशी दोन दिवस बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी बोलले, कारण या माणसावर फार वेळ रागावता येत नाही, आणि हे मुळातलंच खूळ अलीकडं इतकं का वाढलंय ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी कडोलीच्या त्यांच्या घराची वाटणी झाली. अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ नामदेव, दोघांची. नामदेव निपाणीत तंबाखूच्या वखारीत नोकरीला, तिकडंच घर केलेलं. शेत वाटलं, भांडी वाटली, आणि शेवटी पंच आईपाशी आले. आमच्या भागात अशा वेळी आईची पाळी लावतात. सहा महिने थोरल्याकडं, सहा महिने धाकट्याकडं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. अण्णांना वाटलं. "आईची पाळी लावायची? बोअरच्या पाण्यागत?" असं भर पंचांत ते ओरडले. आई राहील तर बारा महिने माझ्याकडंच, न्हायतर मी कुणाच्या दारात येणार न्हाय, असंही म्हणून बसले. म्हातारी उठली, दोन लुगडी पिशवीत घातली आणि म्हणाली, "माझ्यावरनं जिथं भांडण न्हाय तिथं ऱ्हाणार मी." आणि नामदेवबरोबर निपाणीला गेली.

तेव्हापासून अण्णा निपाणीला गेले नव्हते. निपाणीच्या शाळेत काही अडलं तरी फोनवर सांगायचे, नाहीतर मला पाठवायचे. मी परत आले की शाळेचं विचारायचे, गाडी वेळेवर मिळाली का विचारायचे, निपाणीत ऊन किती होतं तेसुद्धा विचारायचे. जे विचारायचं होतं ते विचारायचे नाहीत. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा. चाळीस मैलांवर जिवंत आई बसलीय, आणि हा शहाणा माणूस इथं फाईलीत आई नावाचा क्लास रोज सकाळी उघडून बघतोय.

मग यंदाच्या फेब्रुवारीत किरण सर बेंगळूरला कसल्याशा शिबिराला गेले आणि 'मॉड्युलर', म्हणजे सुटंसुटं, हा शब्द घेऊन परतले. असा माणूस आठवडाभर धोक्याचा असतो. त्यांनी चहाच्या टपरीवरच्या बसवराजलाही मॉड्युलर हो म्हणून सांगितलं. बसवराज कानडीत "आय्तु आय्तु", म्हणजे झालं झालं, म्हणाला आणि तसाच चहा देत राहिला. मग सर अण्णांकडं वळले. 'सगळं' फाईल फोडायची, थोरल्याचं फोल्डर वेगळं, धाकट्याचं वेगळं, मार्च संपायच्या आत. जमत नसेल तर काम बाहेर देऊ. अण्णांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी परात निघाली नाही. सगळे आपापले डबे मांडीवर घेऊन जेवले, आणि खरं सांगते, मलाही जेवण गेलं नाही.

माझ्याजवळ येऊन ते एवढंच म्हणाले, "घर फुटलं तवा मी काय करू शकलो न्हाय. आता फाईल बी माझ्याच हातानं फोडायची." मी म्हटलं, अण्णा, फाईल आहे ती. ते म्हणाले, व्हय, फाईलच हाय. आणि चार दिवसांची रजा टाकून घरी गेले.

परत आले ते दोन फोल्डर घेऊन. थोरला आणि धाकटा. दोन्ही सुरळीत चालत होते. किरण सरांनी पेढे वाटले आणि आपला फोटो काढून घेतला. मी मात्र आत डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. अण्णांनी दोन्ही फोल्डरांत एकेक आई ठेवली होती. तंतोतंत सारख्या दोन आया. इम्पोर्टची एक ओळ लिहायला नको म्हणून. मी विचारलं, हे काय करूलालाय अण्णा? तर म्हणाले, "कुनी कुनाच्या दारात जायला नको. ज्याची आई त्याच्यापाशी." असली चूक कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. ती आमच्या कडोलीच्या माणसालाच सुचायची.

झालं. थोरल्याकडच्या आईचे लाड सुरू झाले. अण्णा रोज सकाळी तिला उघडायचे आणि काहीतरी सुधारायचे. हजेरी कमी असलेल्या पोराचं काय करायचं ते घातलं. मागच्या वर्षीचे मार्क बघायचं घातलं. मग त्यातलं निम्मं काढलं, आणखी काही घातलं. धाकट्याकडच्या आईला मात्र हातसुद्धा लावला नाही. "तिकडं मी बघत न्हाय," म्हणायचे. निपाणीची आई फाईल फुटली त्या दिवशी जशी होती तशीच.

एप्रिलात निकाल. आदल्या दिवशी दुपारी दोनला बेळगावच्याच एका शाळेच्या मुख्याध्यापिका जिना चढून वर आल्या. हातात निकालाचा गठ्ठा आणि तोंडावर असा राग की आमची आत्या परवडली. अकरा मुलं नापास दाखवली होती, आणि ती अकराही नियमानं पास व्हायला हवी होती. त्यातल्या एका पोरीला गणितात तेहतीस. तिच्या मामाचा मुलगा निपाणीत, त्यालाही तेहतीस, आणि तो पास. वर्गशिक्षिकेकडून पोरीला आधीच कळलं होतं, आणि ती कालपासून जेवली नव्हती. बाई म्हणाल्या, "उद्या दहा वाजता मी निकाल वाचणार आहे. तोवर हे दुरुस्त नाही झालं तर तुमचं सॉफ्टवेअर आणि तुम्ही, दोघांचं मी काय करीन ते बघा."

मी तेच मार्क दोन्हीकडं घालून बघितले. थोरल्याकडची आई नाही म्हणाली, धाकट्याकडची हो म्हणाली. अण्णांनी महिनाभरात इतक्या सुधारणा केल्या होत्या की नेमकी कशानं बिघडली ते त्यांनाच सांगता येईना. जुनी प्रत ठेवायची सवय नव्हतीच. किरण सरांचा मॉड्युलरपणा आता पार उतरला होता. पाच वाजेपर्यंत काय ते करा, म्हणाले आणि बाईंना उसाचा रस पाजायला खाली घेऊन गेले.

अण्णा तासभर स्वतःच्या आईत शोधत बसले. मग कळवळून म्हणाले, मी तिचं चांगलंच करायला गेलतो. पण आता हळहळायला वेळ नव्हता. धाकट्याकडची आई उचलून इकडं आणतो, असं ते म्हणायला लागले. मी म्हटलं, आणि पुढं? परत दोन आया, परत दोघींचं दोन तऱ्हांनी बोलणं. मग तिकडची पुसून टाकतो, म्हणाले. तेव्हा मी जरा आवाज चढवला. निपाणीच्या सगळ्या शाळा तिच्यावर चालल्यात, अण्णा. तिचं तिथं बरं चाललंय. तिला कशाला हलवायची? तिथंच राहू द्या, तुमची ती बिघडलेली काढा, आणि थोरल्याच्या फाईलीत वर एक ओळ लिहा.

अण्णांनी थोरल्याची फाईल उघडून कर्सर पहिल्या ओळीवर नेला. पंचवीस वर्षं जावा लिहिणारा माणूस. मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "इम्पोर्ट लिवलं म्हंजे ती हिकडं येत्या काय?"

"येत नाही," मी म्हटलं. "ती आहे तिथंच राहते. ती कुठं आहे एवढं आपण लिहायचं, आणि लागेल तेव्हा हाक मारायची. तुम्हीच शिकवलंय मला."

त्यांनी एका बोटानं ती ओळ लिहिली. धाकट्याचं नाव, पुढं टिंब, पुढं आई. स्वतःची ती आई पुसायचं बटण मात्र त्यांच्यानं दाबवेना. मला म्हणाले, तू दाब. मी दाबलं. मग चालवून बघितलं तर चूक आली. धाकट्याकडच्या आईवर 'पब्लिक' लिहिलेलं नव्हतं, त्यामुळं बाहेरच्या कुणाला ती हाक ऐकू जाणार नव्हती. फाईल फोडताना अण्णांनीच ते दार लावून घेतलं होतं. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी धाकट्याचं फोल्डर उघडलं, आणि आईच्या नावाआधी तो शब्द स्वतः लिहिला. तिच्या आतल्या कामांपुढंही लिहिला. पाच वाजायला दहा मिनिटं असताना अकराच्या अकरा पोरं पास झाली. बाई गठ्ठा घेऊन गेल्या. किरण सरांनी याला टीमवर्क म्हणतात असं सांगितलं. अण्णा तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

शुक्रवारी ते माझ्या टेबलाशी आले आणि स्टेपलर उचलून इकडंतिकडं बघत म्हणाले, निपाणीच्या शाळेत काय काम निघालंय काय? एकही काम नव्हतं. मी म्हटलं, निघालंय, लई मोठं निघालंय, एकटीला जमणार नाही. शनिवारी सकाळच्या बसनं आम्ही दोघं निघालो. संकेश्वर येईपर्यंत ते खिडकीतून मैलाचे दगड मोजत होते. मग म्हणाले, ती उठून आत गेली तर? मी म्हटलं, तर आपण बाहेर बसू. त्यांनी मान हलवली.

स्टँडवर उतरल्यावर शाळा कुठल्या बाजूला हे त्यांनी विचारलंच नाही. वखारींच्या मागच्या गल्लीत शिरलो. सगळीकडं तंबाखूचा वास, मला तर ठसका लागला. नामदेव दारातच उभा होता. थोरल्या भावाला बघून त्याचा चेहरा दगडासारखा झाला. मी कोण, कशाला आले, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही. "आईला न्यायला आलायस काय?" म्हणाला.

"न्हाय रं," अण्णा म्हणाले. "ती हितंच ऱ्हाऊ दे. तुझ्यापाशी बरी हाय ती. मला फकस्त तिला भेटू दे."

नामदेव दारातून बाजूला झाला, आणि खाली वाकून भावाच्या हातातली पिशवी घेतली. आतल्या सोप्यात खाटेवर म्हातारी शेंगा फोडत बसली होती. तिला आता ऐकू कमी येतं, त्यामुळं बाहेरचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. तिनं मान वर केली, अण्णांना बघितलं, आणि मांडीवरचं सूप हळूच बाजूला ठेवलं. अण्णा तिच्यापुढं जमिनीवर बसले. बावन्न वर्षांचा, पांढऱ्या भुवयांचा माणूस, लहान पोरागत मांडी घालून. म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं. मी चुलीकडं तोंड करून उभी राहिले, कारण मला रडू आवरत नव्हतं, आणि परक्याच्या घरात रडायचं म्हणजे बरं दिसत नाही.

"इतकं दीस का आला न्हाईस, ते इचारत न्हाय मी," म्हातारी म्हणाली. "आता परत कवा येनार, तेवढं सांग."

"फुडच्या शनवारी," अण्णा म्हणाले.

तिला ते ऐकू गेलं नाही. तिनं कानाला हात लावला. अण्णा गुडघ्यांवर उठून बसले आणि "फुडच्या शनवारी येतो, आई," असं इतक्या मोठ्यानं म्हणाले, की समोरच्या घरातल्या बायका कोण आलंय ते बघायला दारात आल्या.